जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचे रबर कधी बदलायचे: भेगा मोजू नका, हालचाल बघा

जुनी गाडी एका बाजूला ओढायला लागली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी अलाइनमेंट, मग परत अलाइनमेंट, मग पुढचे टायर मागे, मग नवे शॉकअप, आणि एवढं सगळं करून झाल्यावर कोणीतरी खाली वाकून बघतं आणि सांगतं की लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, कधीचाच गेलाय. म्हणजे जे सगळ्यात आधी बघायचं ते सगळ्यात शेवटी बघितलं. याच्या अगदी उलटे लोकही आहेत, बुशवर बारीक भेगा दिसल्या की पूर्ण किट मागवायचं, चांगलं काम करणारं रबर ठोकून बाहेर काढायचं आणि त्या जागी काहीतरी कडक आणि निकृष्ट बसवून मग म्हणायचं की गाडी पहिल्यासारखी राहिली नाही.

दोघांची चूक एकच आहे, रबर दिसतं कसं यावर निर्णय घेतला, ते लोड आल्यावर हलतं कसं हे बघितलंच नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मधली एखादी गाळली तर पुढचा निकाल चुकतो, कारण चाकाच्या बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि बुशचा प्ले हाताला अगदी सारखाच लागतो.

1. आधी यादी करा: रबर कुठे कुठे आहे

वर्कशॉप मॅन्युअल उघडा आणि सस्पेन्शनचं चित्र समोर ठेवून यादी लिहा. साधारण एवढं सापडेल: वरच्या खालच्या आर्मचे आतले बुश, टाय बार किंवा रेडियस रॉडचे (आर्मला पुढे मागे सरकू न देणाऱ्या दांडीचे) बुश, अँटी-रोल बारचे (वळताना गाडी कमी कलावी म्हणून लावलेल्या दांडीचे) डी आकाराचे बुश आणि त्याच्या लिंक, शॉकअपच्या दोन्ही टोकांचे बुश, मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असेल तर वरचं माउंट, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल भोकाचा) बुश आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) बुश, ट्रेलिंग आर्म असेल तर त्याचे, पॅनहार्ड रॉडचे, सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणाऱ्या वेगळ्या चौकटीचे) माउंट, कॉइल स्प्रिंगच्या खालीवरचे पॅड, बम्प स्टॉपर. शिवाय बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचे बूट (ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी टोप्या), स्टिअरिंग रॅकचे माउंट आणि स्टिअरिंग कॉलमवरचं रबरी कपलिंग, हे सस्पेन्शनमध्ये मोडत नाहीत पण लक्षणं तीच देतात म्हणून यादीत घ्याच. क्लासिक मिनी असेल तर तिथे स्प्रिंगच रबराची आहे, तो रबरी शंकू वेगळा लिहा.

आता प्रत्येक नावापुढे लिहा की तो बुश कोणत्या जातीचा. एक जात बाँडेड, ज्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी, मधलं रबर दोघींना चिकटवलेलं. बोल्ट घट्ट केला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च आवळली जाते आणि ती फिरत नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा रबर नुसतं पिळलं जातं. दुसरी जात साधी, दोन अर्धे रबर दोन्ही बाजूंनी आत सरकवून नटाने दाबलेले, जसे शॅकल, टाय बार आणि बऱ्याच शॉकअपच्या डोळ्यात असतात. बाँडेड बुश जातो तो चिकटवलेल्या जागी सुटून किंवा रबर फाटून, आणि साधा जातो तो घासून, दबून, अंडाकृती होऊन. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो.

2. तयारी: गाडी धुवू नका

हो, धुवू नका. तपासणीच्या आदल्या दिवशी खालून प्रेशरने गाडी धुणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण निम्मा पुरावा धुळीत असतो. बुशच्या तोंडाशी लालसर पावडर दिसली तर लोखंडी नळी जागेवर राहिलेली नाही, ती घासतेय. काळा बारीक भुगा दिसला तर रबर घासतंय. ओला चिकट थर असेल तर वरून इंजिन किंवा गिअरबॉक्सचं तेल पडतंय. आधी हे फोटो काढा, मग पाहिजे तेवढं धुवा.

सामान असं लागेल: चांगला जॅक, त्याला साजेसे स्टँड, चाकाला लावायचे गुटके, हातातली बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, लांब टॉमी (लोखंडी पहार), पांढरा पेंट मार्कर, मोजपट्टी, साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली. आणि एक माणूस, कारण अर्ध्या टेस्टमध्ये कोणीतरी ब्रेक दाबायला किंवा स्टिअरिंग हलवायला लागतंच.

डिकी रिकामी करा, चारही टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे भरा.

इशारा: नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. स्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, मगच खाली जा.

3. टायर आणि लोखंड आधी बाद करा

टायरवरून उलटा हात फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलाय, आणि टो स्वतःहून फारसा बिघडत नाही, एकतर कोणी चुकीचा लावलाय किंवा काहीतरी सैल आहे. पुढचे दोन टायर आपसात बदलून त्याच रस्त्यावर परत चालवा, ओढ बाजू बदलते का बघा. बदलली तर तो टायरचा दोष आहे आणि बुशला हात लावायची अजून गरज नाही. फक्त टायर दिशादर्शक बाणवाले असतील तर ते असे बाजू बदलून लावू नका.

एकीकडचा ब्रेक चिकटत असला तरी गाडी ओढते. थोडी चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, रिमला चिकटवू नका, एकच चाक जास्त गरम लागलं तर आधी ते बघा.

4. रस्त्यावर: लक्षण लिहून ठेवा

रिकाम्या, सरळ, ओळखीच्या रस्त्यावर जा. रेडिओ बंद, काचा खाली. आवाज किंवा ओढ नेमकी कधी येते ते लगेच लिहा, घरी येऊन आठवायला गेलं की सगळंच एकसारखं वाटायला लागतं.

ब्रेक लावताना एकदा ठक् आणि बरोबर गाडी एका बाजूला सरकते, तर आधी टाय बार किंवा लोअर आर्मचा मागचा बुश. हळू जाताना बारीक खड्ड्यांवर सतत खटखट, पण मोठ्या उंचवट्यावर नाही, तर अँटी-रोल बारचे बुश, लिंक किंवा शॉकअपचा डोळा. अॅक्सिलरेटर दिला की मागची बाजू एकीकडे जाते आणि सोडला की परत येते, जणू मागूनही कोणी स्टिअरिंग फिरवतंय, तर ट्रेलिंग आर्म किंवा पाट्याचा पुढचा डोळा. स्टिअरिंग मधोमध थोडं फिरवलं तरी गाडी लगेच ऐकत नाही, मग एकदम ऐकते, तर रॅकचे माउंट, कॉलमचं कपलिंग किंवा आयडलर आर्मचा (स्टिअरिंगच्या जोडणीचं दुसरं टोक धरणाऱ्या आर्मचा) बुश.

हे अंदाज आहेत, निकाल नाहीत. लोखंडातून आवाज प्रवास करतो आणि पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे कानावर विश्वास ठेवून पार्ट मागवू नका.

5. गाडी चाकांवर उभी असताना

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सरळ जॅक लावतात. गाडी लटकवली की बाँडेड बुश पूर्ण पिळला जातो, भेगा तोंड उघडतात आणि चांगला बुशही भयानक दिसतो. उलट सबफ्रेमचं माउंट दबून बसलेलं असेल तर गाडी उचलल्यावर ते मोकळं होतं आणि ठीकठाक दिसतं. रबर ज्या उंचीवर काम करतं त्याच उंचीवर त्याचा निकाल लावायचा, म्हणजे रॅम्पवर, पिटवर, किंवा चार खांबी लिफ्टवर जिथे वजन चाकांवरच राहतं.

गाडी बराच काळ उभी असेल तर आधी थोडी चालवून आणा, रबर एका जागी बसलेलं असतं. मग सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात येते. डावी उजवी बाजू बरीच वेगळी आली तर स्प्रिंग, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), स्प्रिंगचा गायब झालेला पॅड किंवा मिनीचा बसलेला रबरी शंकू बघा. हे आकडे जपून ठेवा, शेवटी घट्ट करताना लागणार आहेत.

आता आरसा आणि बॅटरी घेऊन प्रत्येक बाँडेड बुशची आतली नळी बघा. ती बाहेरच्या नळीच्या मधोमध आहे का? वर रबर जाड आणि खाली पातळ, किंवा एका बाजूला लोखंड लोखंडाला टेकायला आलंय, असं असेल तर भेगा असोत नसोत, तो बुश संपलाय. मात्र काही बुश कंपनीनेच एका बाजूला पोकळी ठेवून बनवलेले असतात, ती पोकळी सरळ कडांची, नीट आकाराची आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. फाटलेल्या जागेला असा आकार नसतो.

तपासा: दुसऱ्या बाजूचा तोच बुश लगेच बघा. दोन्ही अगदी सारखे दिसत असतील तर कदाचित ते तसेच बनवलेले आहेत.

6. पुढे मागे टेस्ट

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी टेस्ट हीच, आणि हिला काही हत्यार लागत नाही. मदतनीस गाडीत, इंजिन चालू, तुम्ही गाडीच्या बाजूला चाकापासून दोन पावलं लांब, पुढे किंवा मागे कधीच नाही. त्याने गाडी अगदी वीतभर पुढे घ्यायची आणि ब्रेक मारायचा, मग तेवढीच मागे आणि ब्रेक. तुम्ही फक्त चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघा.

चांगल्या बुशमध्ये चाक किंचित मागे जातं आणि लगेच परत येतं, बघितलं तर कळेल इतकंच. गेलेल्या बुशमध्ये चाक स्पष्ट सरकतं, बरोबर ठक् ऐकू येतं, आणि दिशा बदलली की परत ठक्. फोन खाली ठेवून त्याच कोनातून दोन्ही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि हळू करून बघा, डावी उजवी तुलना केली की वादच उरत नाही. मागच्या पाट्यांसाठीही हीच टेस्ट, तिथे पुढच्या डोळ्याकडे आणि अॅक्सलकडे बघायचं.

7. उचलून तपासणी

आता जॅक. पण कुठे लावायचा हे सस्पेन्शनवर अवलंबून आहे आणि इथे चुकलात तर बॉल जॉइंटचा प्ले दिसणारच नाही. डबल विशबोन (वर एक आणि खाली एक आर्म) असून स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, जितका बाहेर लावता येईल तितका, म्हणजे खालच्या बॉल जॉइंटवरचा भार उतरतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर गाडी चॅसीवर उचला आणि वरच्या आर्मखाली गुटका अडकवा. मॅकफर्सनमध्ये चॅसीखाली स्टँड लावून चाक मोकळं लटकू द्या.

चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट, किंगपिन (जिच्यावर चाक वळतं ती उभी पिन) किंवा बुश. मग डावी उजवी धरून हलवा, तिथला प्ले टाय रॉड एंड किंवा रॅककडचा. हे सगळं लोखंड साफ बाद झाल्याशिवाय टॉमी हातात घ्यायचा नाही.

टॉमी आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये घाला आणि हळूहळू दाबा, झटका नाही. हाताने दाबलं की जरा हलणार, रबर आहे ते, हलायलाच पाहिजे. बघायचं असतं ते परत येणं. चांगलं रबर दाबाबरोबर वाढत्या ताकदीने विरोध करतं आणि सोडलं की मूळ जागी येतं. गेलेलं रबर आधी काहीच विरोध न करता सरकतं, मग एकदम लोखंडाला टेकतं. दाबताना भेगेकडे नीट बघा: वरवरची भेग तशीच राहते, खोल फाटलेली भेग ओठासारखी उघडते आणि आत काळं, ताजं, न झिजलेलं रबर दिसतं.

बाँडेड बुशसाठी आणखी एक खूण. पेंट मार्करने आतल्या नळीवरून रबरावर आणि तिथून बाहेरच्या नळीवर एक सरळ रेघ ओढा, गाडी दोन चार दिवस चालवा आणि परत त्याच उंचीवर बघा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर चिकटवलेला भाग सुटलाय आणि नळी आत मोकळी फिरतेय. वरून असा बुश कधीकधी नवा कोरा दिसतो, म्हणून ही रेघ महत्त्वाची.

स्ट्रटच्या वरच्या माउंटसाठी गाडी चाकांवर असताना मदतनीसाला स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून वर माउंटवर हात ठेवा. हाताला टकटक किंवा स्प्रिंग अडकून सुटल्याचा झटका लागला तर माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालू नका.

सबफ्रेमचं माउंट असं बघा: बॉडीच्या मजबूत जागी लाकूड ठेवून जॅकने अगदी थोडं उचला आणि माउंटमधली फट बघा. बॉडी वर जाते आणि सबफ्रेम काही वेळ तशीच राहते, मग ओढली जाते, तर माउंट फाटलंय. सगळी फट एकसारखी नसेल तर ते एका बाजूला बसलंय.

किरकिर कुठून येतेय ते कळत नसेल तर साबणाचं पाणी. मदतनीसाने गाडी वरखाली दाबत राहायचं आणि तुम्ही एकेका बुशवर फवारायचं, एकावर मारून थांबायचं, ऐकायचं, मग पुढचा. आवाज बदलला तो बुश सापडला. इथे इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक नैसर्गिक रबर असतं आणि खनिज तेलाने ते फुगून मऊ पडतं. दोन दिवस आवाज जातो आणि बुश कायमचा.

8. रबर वाचायला शिका

बारीक, एकमेकांना समांतर, त्वचेवरच्या रेषांसारख्या भेगा या ओझोनमुळे येतात. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला कापतो, म्हणून त्या ताणाच्या आडव्या दिशेने आणि ताण असलेल्या कडेवरच येतात. जुन्या गाडीत त्या असणारच. त्या खोल नसतील आणि टॉमीच्या टेस्टमध्ये बुश पास झाला असेल तर त्या दिसण्यापुरत्याच आहेत. खोली बघायला फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) बोथट पातळ पान हलकेच घालून बघा, जबरदस्ती करून भेग वाढवू नका.

लोखंडाच्या कडेने गोल फिरत जाणारी भेग वेगळी. ती चिकटवलेल्या जागेवर आहे आणि ती वाढतच जाते. एक चतुर्थांश घेरापर्यंत असेल तर नजर ठेवा, अर्ध्यापेक्षा जास्त झाली की माझ्या दृष्टीने बुश बदलायच्या यादीत.

नखाने दाबून बघा. नख अजिबात रुतत नाही आणि रबर चकचकीत, काचेसारखं झालंय तर ते कडक पडलंय, असा बुश खटखट करत नाही पण रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीपर्यंत पोचवतो आणि आर्मच्या ब्रॅकेटवर ताण टाकतो. उलट रबर स्पंजसारखं, फुगून कडेबाहेर आलेलं आणि हाताला काळं लागणारं असेल तर तेलाने खाल्लंय. अशा वेळी नुसता बुश बदलू नका, आधी वरची गळती बंद करा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाणार.

बम्प स्टॉपर कोणी बघत नाही. तुकडे पडले असतील किंवा समोरच्या लोखंडावर ताजी चमकती खूण असेल तर सस्पेन्शन शेवटपर्यंत जाऊन आपटतंय. स्टॉपर नसेल तर आर्म ठरल्यापेक्षा जास्त वर जातो आणि बाकीचे बुश त्यात पिळून फाटतात, म्हणजे स्वस्तातला पार्ट महागाचे पार्ट खातो.

बूट फाटलेला दिसला तर आत बघा. ग्रीस स्वच्छ आणि जॉइंटला प्ले नाही, तर नुसता बूट बदलून चालतं. ग्रीसमध्ये वाळू किंवा गंजाचं पाणी असेल तर नवा बूट घालून काही उपयोग नाही, जॉइंटच बदला. आणि एवढं खाली आलाच आहात तर ब्रेकचे रबरी होज वाकवून बघा, त्यांच्यावर भेग दिसली तर ती वरवरची का खोल याचा विचार करायचा नाही, थेट बदलायचे.

9. आता निर्णय

यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहा.

*लगेच:* लोखंड लोखंडाला टेकतंय, रेघ सरकली, चाक पुढे मागे टेस्टमध्ये स्पष्ट सरकतं, टाय बारचा बुश फाटला, स्टिअरिंगच्या कपलिंगला तडा. यात गाडी ब्रेकखाली दिशा बदलू शकते, तेव्हा दुरुस्त होईपर्यंत ती चालवू नका.

*पुढच्या वेळी उघडलं की:* कडेने चालू झालेली भेग, थोडं बाजूला बसलेलं रबर, कडक पडलेलं पण जागेवर असलेलं.

*सोडून द्या:* वरवरच्या भेगा, टॉमीने दाबल्यावर नीट परत येतं, नळी मधोमध.

यात एक व्यवहाराची गोष्ट धरा. आर्म काढायचाच असेल तर त्या आर्मवरचं सगळं रबर एकदम करा, दुसऱ्या वर्गातलंही, कारण मेहनत आर्म काढण्यात आहे. आणि एका अॅक्सलवर दोन्ही बाजू एकत्र. डावा नवा आणि उजवा जुना ठेवलात तर ब्रेक लावल्यावर दोन चाकं वेगवेगळी सरकतात आणि मग जी ओढ घालवायला निघालात तीच परत येते.

किती वर्षांनी बदलायचे हा प्रश्न मी मुद्दाम घेतलेला नाही. उन्हात उभी गाडी, शेडमधली गाडी, तेल गळणारी गाडी, यांचं रबर एकाच वयाचं असून वेगवेगळ्या अवस्थेत असतं.

10. पार्ट निवडताना

बंद पाकिटातला जुना ओरिजिनल पार्ट मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका, रबर पाकिटातही म्हातारं होतं. बनवल्याची तारीख बघा, नख दाबून बघा, वाकवून भेगा येतात का बघा.

पॉलियुरेथेनबद्दल (रबराऐवजी वापरतात ते कडक प्लास्टिक) सारखं विचारलं जातं. शोअर ए या कडकपणाच्या मापात रबर साधारण 50 ते 70 असतं, पॉली सहसा त्याच्या वर, 80 ते 95 च्या आसपास. ते तेलाला दाद देत नाही हे खरं. पण बाँडेड रबर पिळलं जातं आणि पॉली मात्र आतल्या नळीवर फिरतं, त्यामुळे त्याला ग्रीस लागतं, ग्रीस संपलं की कुरकुर, आणि जो आर्म एकाच वेळी दोन तीन दिशांना वाकडा होतो तिथे ते अडकतं. अँटी-रोल बार आणि शॉकअपच्या डोळ्यात खुशाल घाला. ट्रेलिंग आर्म, सबफ्रेम आणि टाय बारला मी रबरच ठेवीन, रोज चालवायच्या गाडीत तर नक्कीच.

तपासा: नव्या बुशची आतली नळी जुन्याइतकीच लांब आहे का. ती आखूड असेल तर बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेट रबराला दाबतो आणि आर्म जाम होतो.

11. बसवणं: सगळे बुश इथेच मरतात

काढण्याआधी जुन्या बुशवर बाण, खाच किंवा पोकळी कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा आणि आर्मवर खूण करा. पोकळी आडवी असायची ती उभी बसली तर नवा बुश असूनही गाडी जुन्यासारखीच वागते.

इशारा: कॉइल स्प्रिंग दाबलेली असते तेव्हा तिच्यात माणूस मारण्याइतकी ताकद असते. आर्म सोडायच्या आधी मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, नसेल तर हे काम वर्कशॉपला द्या. टॉर्शन बार असेल तर त्याचा ताण आधी उतरवा.

जुना बुश आगीने जाळून काढू नका, धूर विषारी असतो आणि उष्णतेने आर्मही बिघडू शकतो. रबर ड्रिलने पोखरून आतली नळी काढा, मग बाहेरच्या नळीला हॅकसॉने आतून एक काप द्या, आर्मला पातं लागायच्या आत थांबा, नळी आत वळवून ठोकून काढा. भोकातला गंज पॉलिश पेपरने साफ करा.

नवा बुश आत घालताना हातोडा नाही, प्रेस वापरा किंवा बोल्ट-वॉशर आवळून आत ओढून घ्या. दाब बाहेरच्या नळीवर द्या, आतल्या नळीवर दिला तर बसवतानाच रबर फाटतं. वंगण म्हणून साबणाचं पाणी किंवा रबरासाठीचं ग्रीस, साधं ग्रीस नाही.

आणि आता ती गोष्ट जी दहातले नऊ लोक चुकवतात. बाँडेड बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना घट्ट करायचे नाहीत. हवेत घट्ट केले की आतली नळी खाली लटकलेल्या आर्मच्या कोनात पक्की होते, गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो, गाडी थोडी उंच बसते, आणि लोक पार्टला शिव्या देतात.

क्रम असा: सगळे बोल्ट हाताने लावा, नट इतकेच फिरवा की काही सुटणार नाही. चाकं लावा, गाडी खाली घ्या, वरखाली दाबा, थोडी पुढे मागे ढकला म्हणजे चाकं मोकळी होतात. पाचव्या पायरीत मोजलेले आकडे आले का बघा, जुनं रबर फार बसलेलं असेल तर मॅन्युअलमधल्या उंचीवर जा. मगच टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत घट्ट करा. खाली जायला जागा नसेल तर चारही चाकं रॅम्पवर चढवा, किंवा आर्मखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तोच आकडा येईपर्यंत आर्म उचला आणि तिथे घट्ट करा.

शॅकल आणि टाय बारच्या साध्या बुशना हा नियम इतका कडक नाही, पण तिथे नट ठराविक टॉर्कपलीकडे आवळला की रबर चिरडलं जातं. फुगून बाहेर आलेलं दिसलं म्हणजे जास्त झालंय.

12. नंतर

थोडे किलोमीटर चालवा म्हणजे सगळं बसेल, मग अलाइनमेंट. बुश बदलल्यानंतरच, आधी नाही, कारण नळी मधोमध आली की टो आणि कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय ते) दोन्ही बदलतात. काही शे किलोमीटरनंतर सगळे नट परत टॉर्क रेंचने तपासा, परत गाडी चाकांवर असताना. पुढे मागे टेस्टचा व्हिडिओ नवा काढा आणि जुन्याशेजारी लावा. फरक दिसला नाही, तर ज्या बुशवर संशय होता तो दोषी नव्हताच, मग सातव्या पायरीला परत जा आणि बॉल जॉइंटपासून सुरुवात करा.